नैरोबीची चौकोनी पिन

माझ्या लॅपटॉपला बॅटरी नाही. ती फुगली होती, म्हणून काढून टाकली. तेव्हापासून त्याचा सगळा जीव भिंतीतल्या पिनेत आहे. पिन हलली की पडदा काळा. अकोल्याच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडून मी तो जुना घेतला. तो त्याच्यावर गेम खेळायचा. मी त्याच्यावर गायरान फिरवते.

म्हणजे काय ते सांगते. वाशीम जिल्ह्यात, किन्हीराजाच्या पुढे आमचं गाव आहे. गावाच्या उत्तरेला गायरान आहे, आणि त्यातला मोठा तुकडा आमच्या वस्तीतली माणसं माझ्या आजोबांच्या काळापासून वाहत आली आहेत. दगड त्यांनी वेचले, बांध त्यांनी घातले, विहीर त्यांनी खोदली. मागच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक नोटीस लागली: सदर जागेवर सौर प्रकल्प प्रस्तावित आहे, जागा पडीक आहे, हरकत असल्यास कळवावे. सौर प्रकल्पाला आमचा विरोध नाही. 'पडीक' या शब्दाला आहे. ज्या जमिनीत त्या दिवशी तूर उभी होती तिला पडीक लिहिणारा माणूस एक तर तिथे गेला नाही, नाही तर गेला आणि डोळे गाडीतच ठेवून उतरला. हे वाक्य मी तेव्हा आमच्या संघटनेच्या पत्रकात छापलं होतं. त्यातला एक शब्द आजही मागे घेत नाही.

आम्ही हरकती दिल्या. उत्तर आलं, किती वर्षांपासून वाहता त्याचा पुरावा द्या. सातबाऱ्यावर आमचं नाव नाही, असतं तर भांडण कशाला झालं असतं. अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या काहींकडे आहेत, काहींच्या उंदरांनी नेल्या. म्हणून मी नकाशा करायला घेतला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्याचा ड्रोन दोन सकाळी आमच्या शेतांवर उडवला. अकराशे फोटो निघाले. फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरने ते एकमेकांना जोडून असं चित्र केलं की ज्यात आपण पाखरासारखं उतरावं, बांधाबांधाने जावं, विहिरीत डोकावावं. साध्या लॅपटॉपवर ते उघडतच नाही. माझ्या यंत्रावर उघडतं. आतला पंखा मळणी यंत्रासारखा ओरडतो, पण उघडतं.

आणि हा नकाशा घेऊन मला नैरोबीला बोलावलं.

हे लिहितानाही मला खुर्चीत नीट बसवत नाही. गावाच्या सामाईक जमिनींवर काम करणाऱ्या ठिकठिकाणच्या तरुणांचा मेळावा होता. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आपलं काम आपल्याच यंत्रावर, तिथेच चालवून दाखवायचं. ज्यांचं काम पटेल त्यांच्या गावाचे, उपग्रहाने काढलेले जुन्या वर्षांचे फोटो तिथली जाणकार मंडळी शोधून देणार होती. जुन्या वर्षांचे. म्हणजे आम्हाला हवा होता तोच पुरावा, आणि तोही आभाळातून काढलेला, ज्याला उंदीर लागत नाही. मी बोलावण्याची ती चिठ्ठी विहारात सगळ्यांपुढे वाचून दाखवली. मग पुन्हा वाचली, कारण मागे बसलेल्या बायांना पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाचली ती माझ्यासाठी.

पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, "कायले चालल्या तिकडे?"

"गायरान दाखवायले."

"तिकडे गायरान नाई का?" त्याने लिहिता लिहिता विचारलं, आणि 'शैक्षणिक' असं लिहिलं.

तिकीट आलं. व्हिसाचा कागद आला. आईने माझ्यासाठी स्वेटर काढला, आफ्रिकेत ऊन असतं असं मी सांगितलं, तर म्हणाली, "विमानात एसी असते म्हणतेत ना." आणि जायला आठ दिवस उरलेले असताना मेळाव्याच्या पत्राची शेवटची ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली: इथे भिंतीत चौकोनी तीन पिनांचे बोर्ड असतात. आपापला अ‍ॅडॉप्टर घेऊन या, आमच्याकडे द्यायला नाहीत.

माझ्या चार्जरबद्दल आता सांगायला हवं. तो विटेएवढा आहे आणि वजनालाही विटेला हरत नाही. त्याच्यावर २३० वॉट छापलेलं आहे. आणि त्याची पिन जाड आहे, फ्रिजला किंवा गिझरला असते तसली. आमच्या वस्तीत ही पिन जाईल असे बोर्ड दोनच. एक विहारात, कूलरचा. दुसरा माझ्या काकाच्या दुकानात. काका विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करतो. विहारात मी लॅपटॉप लावला की कूलर बंद करावा लागे आणि म्हाताऱ्या मला नावं ठेवत, म्हणून सगळा नकाशा काकाच्या दुकानात झाला, तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये बसून, वॉर्निशच्या वासात.

काकाने पत्र ऐकलं, मग माझी पिन हातात घेतली.

"ही पिन पाह्य. जाड पिन म्हणजे जाड लोड. कंपनीले काय येड लागलं का जाड पिन द्याले?"

"मंग का करू?"

"हेवी पाह्य. मोबाइलच्या अडाप्टरवर हे लावशीन तं तिकडचं हाटेल पेटवशीन. मंग पुरावा नाई, पंचनामा होईन."

काकाचा शब्द आमच्याकडे विजेच्या बाबतीत शेवटचा असतो. जळलेली मोटार तो वासावरून सांगतो, किती तास चालली ते. मी ऐकलं. मी विचार केला नाही, ऐकलं. यातला फरक मी इतरांना पत्रकांमधून शिकवत आले आहे.

दुसऱ्या दिवशी वाशीमला गेले. तिसऱ्या दुकानात 'युनिव्हर्सल' लिहिलेला एक पांढरा डबा मिळाला. त्यातून इकडून तिकडून पिना बाहेर सरकतात, सगळ्या जगाच्या. मी तो हातात घेऊन सगळ्या पिना एकदा बाहेर काढून पाहिल्या. एवढंसं ते खेळणं, आणि त्यात सगळे देश. पण माझी जाड पिन त्याच्या तोंडात जाईना. दुकानदार शांत माणूस होता. त्याने ड्रॉवरमधून एक काळा कन्व्हर्टर काढला, जाड पिनेची बारीक पिन करणारा.

"हे याच्यात लावा, थे त्याच्यात लावा. झालं."

"हे जळते. आमच्या गावात गिझरवर जळलं."

"तुमी तिकडे गिझर घेऊन चालल्या का ताई?"

मी तोवर डबा वाचायला लागले होते. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला ही खोड असते. डब्यावर लिहिलं होतं दहा अँपियर. आतल्या वस्तूच्या अंगावर, अगदी बारीक, सहा अँपियर.

"हे का होय?" मी विचारलं. "डब्यावर दहा, मालावर सहा. खरं कोणतं?"

"ताई, डबा कंपनी छापते."

"आन विकते कोण?"

"मी विकतो. तुमाले चार्जरले लागते किती थे सांगा ना आधी."

"ते तुमी काहून विचारता? मी विचारून राह्यली ते सांगा. ग्राहक मंचात गेली तं काय दाखवसान, डबा का माल?"

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक हातातलं मोबाइलचं कव्हर ठेवून निघून गेलं. दुकानदार मात्र रागावला नाही. त्याने तीनदा एकच प्रश्न विचारला: लागते किती. मी तीनदा त्याला त्याच्या डब्याविषयी विचारलं. पायऱ्या उतरता उतरताच मी मोबाइलवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा: 'प्रवासी अ‍ॅडॉप्टर की प्रवाशांची लूट?' खाली: 'दहाचा डबा, सहाचा माल. २३० वॉटच्या यंत्राला हा माल पेलणार आहे का? जनतेला जाळण्याचा हा धंदा बंद करा.' बसस्टँडवर पोचेपर्यंत ते आमच्या संघटनेच्या ग्रुपवर गेलंही होतं.

ग्रुपवर नेहमीसारखंच झालं. अंगठे आले. एकाने विचारलं, कुठे चालल्या ताई, एकाने नैरोबीची काळजी घ्या म्हणून हात जोडलेलं चित्र पाठवलं. फक्त मंगरूळपीरच्या एका निवृत्त गुरुजींनी कामाचं लिहिलं: 'हज-उमऱ्याचं सामान विकणाऱ्याकडे पाहा. अरबस्तानात चौकोनीच पिन असते. आमच्याकडे दर्ग्याच्या रस्त्यावर दुकान आहे.'

मला हे सुचलं नव्हतं याची मला लाज वाटली, आणि लगेच आनंदही झाला. जी वस्तू मी वाशीमच्या काचेच्या दुकानांत शोधत होते ती मंगरूळच्या लोकांच्या घराघरांत असणार होती. आमच्या भागात परदेशी जाऊन आलेली माणसं कोण? आम्ही उगाच समजतो की इंजिनिअर. इथून सगळ्यात जास्त परदेश पाहिलेल्या बाया म्हणजे उमऱ्याला, मक्का-मदिनेच्या यात्रेला, जाऊन आलेल्या.

सकाळच्या एसटीने गेले. लॅपटॉप पाठीवर, वीट पिशवीत. दुकान लहान होतं: यात्रेत नेसायचं इहरामचं पांढरं कापड, कमरेचे पट्टे, बिनवासाचा साबण, बॅगांना बांधायच्या हिरव्या पट्ट्या. काउंटरवर काचेच्या बरणीत, आमच्याकडे चॉकलेट ठेवतात तसे, अ‍ॅडॉप्टर. चौकोनी पिनांचे. मी बरणीकडे बोट दाखवलं.

मालक साठीच्या पुढचे होते. "उमरे को जा रहे बेटा?"

"नाई चाचा, नैरोबी."

"वहाँ कौन सी जियारत है?" त्यांना वाटलं, तिकडेही एखादं यात्रेचं ठिकाण असेल.

"जमिनीचं काम हाय."

"अच्छा," ते म्हणाले, जणू जमिनीचं काम म्हटलं की नैरोबीच. त्यांनी एक अ‍ॅडॉप्टर काढला, माझी पिन पाहिली, आणि अ‍ॅडॉप्टर परत बरणीत टाकला. "ये तो मोबाइल के वास्ते है। तुम्हारा ये क्या है, चक्की का है क्या?"

"लॅपटॉपचं."

"इतना मोटा?" त्यांनी विटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागच्या दाराकडे. "हज्जन को पूछना पड़ेगा। बिजली का काम उसका है।"

दुकानाच्या मागेच घर होतं. हज्जन म्हणजे हज करून आलेली त्यांची बायको; मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले. घरातल्या चौकात ती जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होती. मला नंतर कळलं ते आधीच सांगते: इथून उमऱ्याला जे जथे जातात ते आपला स्वयंपाकी बरोबर नेतात, कारण पंधरा दिवस तिकडचं खाणं आमच्याकडच्या माणसांना चालत नाही. खाला चार वेळा अशी गेली होती, चाळीस-चाळीस माणसांचं रांधायला. हॉटेलच्या खोलीत गॅस चालत नाही. सगळं विजेच्या कुकरवर. चौकाच्या कोपऱ्यात असा एक कुकर उभा होता, पाण्याच्या घागरीएवढा, आणि त्यात भात शिजत होता. पुढच्या जथ्यातली माणसं त्या दुपारी माहिती घ्यायला येणार होती, त्यांच्यासाठी.

चाचांनी थोडक्यात सांगितलं. मी जास्त सांगितलं. जाड पिन, जाड लोड, कन्व्हर्टर जळतो, दहाचा डबा सहाचा माल. खालाने कोथिंबीर निवडणं थांबवलं नाही.

"वॉट कितना लिखा उसपे?"

"दोनशे तीस."

"मेरे कुकर पे पढ़। पीछे लिखा है।"

मी वाकून वाचलं. सोळाशे.

"वो सोला सौ का मैं वहाँ चौकोनी पिन पे चलाती। एक बोर्ड पे दो। तीसरा लगाया तो मैनेजर ऊपर दौड़ता। तेरा ये तो बच्चा है।" मग माझ्यासाठी आमच्या बोलीत म्हणाली, "दोनशे तीसले का भेतं बेटा? एवढं तं मिक्सर खाते."

डोक्यात एक भागाकार झाला जो कोणत्याही शाळेत होतो. दोनशे तीस वॉट. भिंतीतली वीज दोनशे तीस व्होल्ट. भागिले. एक. एक अँपियर. माझ्या राक्षसाला एक अँपियर लागत होता, आणि वाशीमचा तो माणूस मला सहाचा देत होता आणि तीनदा विचारत होता, लागते किती. मी पत्रक आधी काढलं आणि भागाकार नंतर केला. त्या दुकानदाराची मी अजून माफी मागितलेली नाही. मागायला पाहिजे. डब्यावर दहा आणि मालावर सहा हे मात्र खोटंच आहे, आणि तेही मी त्याला त्याच वेळी सांगणार आहे.

"पण पिन तं जाड हाय ना खाला," मी म्हणाले. "जात नाई कशातच."

"इधर ला।"

तिने ओले हात ओढणीला पुसले आणि वीट मांडीवर घेतली. भिंतीकडची वायर जिथे विटेत शिरते तिथे काळी टेप गुंडाळलेली होती. मी यंत्र घेतलं त्या दिवसापासून होती. मला वाटे ती वायर आतच चिकटवलेली आहे. खालाने नखाने टेपचं टोक शोधलं, सोललं, आणि वायर धरून ओढली. वायर हातात आली. विटेच्या अंगात तीन पात्यांचं एक भोक उघडं पडलं.

"ये तो निकलता," खाला म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

मग तिने त्या भोकाकडे नीट पाहिलं, कुकरकडे पाहिलं, आणि हसायला लागली. "अजी सुनो," तिने दुकानाकडे तोंड करून चाचांना सांगितलं, "इसका मुँह अपने कुकर का ही है।"

कुकरला मागून जी वायर जाते तिचं तोंड अगदी तसंच होतं. आणि तिच्या दुसऱ्या टोकाला चौकोनी पिन, कारण कुकर मदिनेतून आणलेला. अ‍ॅडॉप्टर लागतच नव्हता. जाड पिन नाही, बारीक पिन नाही, कन्व्हर्टर नाही. एक वायर बदलायची होती. इथे घरी तो कुकर भिंतीला लावायला त्यांनी उलटा अ‍ॅडॉप्टर ठेवला होता, चौकोनी पिन पोटात घेणारा आणि आपल्या बोर्डात जाणारा. म्हणजे इथेच लावून पाहता येणार होतं.

फक्त त्या क्षणी त्या वायरीवर चाळीस माणसांचा भात शिजत होता.

"बीस मिनट," खाला म्हणाली. "बीच में निकाला तो कच्चा रहता।"

माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वीस मिनिटं. मी मोर्चात पाच-पाच तास उन्हात उभी राहिले आहे, अधिकारी येतो म्हणून. ते सोपं असतं, कारण तिथे चीड असते. इथे चिडायला कोणी नव्हतं. मी काकाला फोन लावला.

"काका, वॉट भागिले व्होल्ट का येते?"

"अँपियर येते."

"आपलं किती येते मंग?"

पलीकडे मोटारीवर हातोडी पडत होती, ती थांबली. "एक येते," काका म्हणाला. "मंग पिन जाड काहून देली त्याइनं?"

"मले का माहीत."

"मले तरी कोणी सांगितलं," काका म्हणाला, आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.

कुकरचा दिवा लालचा पिवळा झाला. खालाने झाकण उघडून दोन दाणे चिमटीत दाबले, मान हलवली, वायर काढली आणि माझ्या हातात दिली. ती गरम होती. मी ती विटेत ढकलली, वीट लॅपटॉपला लावली, बटण दाबलं.

पडदा उजळला. पंखा ओरडला. दुकानातून चाचा धावत आले, त्यांना वाटलं काही जळलं. मी नकाशा उघडला आणि मुद्दाम सगळ्यात जड असलेला भाग फिरवला, उत्तरेकडून विहिरीवर उतरत जाणारा. पडदा काळा झाला नाही. मी पुन्हा फिरवला. वायरीला हात लावून पाहिलं, ती उलट थंड होत होती. मला ओरडावंसं वाटत होतं आणि पिन हलू नये म्हणून मी नुसती जागच्या जागी दोन पावलं नाचले. खाला म्हणाली, "बैठ के नाच, गिरेगी।"

मग ती माझ्याजवळ सरकून बसली आणि पडद्यात पाहू लागली. तिने विचारलं ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण नैरोबीत मला एवढे नेमके प्रश्न कोणी विचारले नाहीत.

"जमीन किसकी?"

"सरकारची. वाहतो आमी."

"कब से?"

"आजोबांपासून."

"कागद?"

"कागद नाई म्हणून तं चालली."

ती पाहत राहिली. तिचं बोट पडद्याला लागलं आणि तिथे भाताचा एक दाणा चिकटला. "ये आम किसने लगाए?"

विहिरीच्या वरच्या बांधावर आंब्याची सात झाडं आहेत. मी ती हजार वेळा पाहिली आहेत. नकाशात मी विहीर दाखवली होती, बांध दाखवले होते, शेतांच्या हद्दीचे धुरे दाखवले होते. झाडं मी झाडं म्हणून सोडून दिली होती.

"आपोआप असतीन," मी म्हणाले.

"लाइन में हैं," खाला म्हणाली. "जंगल लाइन में नहीं उगता बेटा। किसी ने रस्सी तान के लगाए। और इतना घेर... मेरे अब्बा का बाग था, पचीस साल से कम में नहीं आता इतना घेर।"

आमच्या हरकतीत सतरा मुद्दे होते. हा एकही नव्हता.

वायर तिने मला दिली. एक अट घातली: तिचा जथा निघायच्या आत परत यायला हवी, नाहीतर चाळीस माणसं मक्केत उपाशी. माझ्या परतीच्या आणि तिच्या निघण्याच्या मध्ये चार दिवस होते. तोवर घरचा भात गॅसवर. निघताना मी तिला सांगितलं की मी पत्रकात हे सगळं लिहीन. ती म्हणाली, "नाम मत डालना, लोग वायर माँगने आ जाएँगे।"

गावी आल्यावर उरलेले दिवस मी झाडांच्या मागे घालवले. कोणतं झाड कोणी लावलं, पाणी कोण घालत होतं, कलम कुठून आणलं. बाया एकमेकींना खोटं पाडत होत्या. मी सगळं नकाशात झाडाझाडावर टाकलं.

नैरोबीत तो खोलीतला बोर्ड पाहिला तेव्हा मला हसू आलं. चौकोनी तीन भोकं, अगदी मंगरूळच्या त्या उलट्या अ‍ॅडॉप्टरसारखी. वायर गेली, बसली, पंधरा मिनिटं यंत्र ओरडत राहिलं आणि गायरान फिरत राहिलं. लोक आंब्यांपाशी थांबवा म्हणाले. मी थांबवलं. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, फक्त शेवटी माझा घसा बसला होता एवढं आठवतं. आम्हाला फोटो शोधून देऊ असं त्यांनी तिथेच सांगितलं. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मंगरूळला जाऊन वायर दिली. खालाने आधी तिची पिन तपासली, मग मला चहा दिला.

फोटो महिन्याभराने मेलवर आले. मी ते काकाच्या दुकानात उघडले, आणि दुकान भरलं. सगळ्यात जुना फोटो धूसर होता, पण बांध दिसत होते, विहिरीचा काळा गोल दिसत होता, आणि बांधावर ओळीत ठिपके. आंबे तेव्हा लहान होते, पण होते. मी ठिपके मोजायला लागले, कारण हरकतीत आकडा लागतो.

आठ होते.

पुन्हा मोजले. आठ. लोक वाद घालायला लागले, सावली असन, गाय बसली असन. काका मोटार उघडून बसला होता, वर पाहत नव्हता. मी म्हणाले, "आज तं सातच हायत. आठवा कुठं गेला?"

"या दुकानाच्या आड्यावर हाय," काका म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. पत्र्याखाली आड्याचं एक जाड, काळं पडलेलं लाकूड होतं.

"मी तोडला," काका म्हणाला. "दुकान टाकलं तवा. कोणाले इचारलं नाई. आता हे लिहू नको."

"लिहीन."

"माह्यं नाव नको टाकू."

"नाव टाकीन, साल टाकीन, लाकडाचा फोटो टाकीन. तोडायले झाड होतं, हाच तं पुरावा होय काका."

"आन सरकारच्या जमिनीवरचं झाड तोडलं म्हणून दंड केला तं?"

"तं पावती जपून ठेवू," मी म्हणाले, आणि त्याच्यासमोर बसून अठरावा मुद्दा लिहायला घेतला.